थांबआत्या आणि गरम पाण्याचा पाइप

आमच्या आत्याचं खरं नाव गोदावरी. पण आळीत तिला सगळे थांबआत्या म्हणत. कोणी काही करायला गेलं की तिचा उजवा हात वर व्हायचा आणि तोंडातून "थांब!" निघायचं. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दारात तांदळाचं माप ठेवलेलं होतं. मी पाय उचलला आणि आतून आवाज आला, "थांब!" वाजंत्रीवालेसुद्धा वाजवायचे थांबले. मला वाटलं, काही अपशकुन झाला. आत्या पुढे आली, माप जरा डावीकडे सरकवलं आणि म्हणाली, "समोर निरांजन होतं गो. तांदूळ उडाले असते, वात विझली असती, आणि लोकांनी खापर तुझ्या डोक्यावर फोडलं असतं. हां, आता ये."

ती माझ्या यजमानांची आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती इथलीच झाली. सासू मला नव्हत्या, मी यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यामुळे घरातली मोठी बाई म्हणजे आत्या. लोक म्हणत, नवरा गेला म्हणून ती अशी भित्री झाली. मामंजी म्हणत, "कसलं काय! आई सांगायची, पाळण्यातसुद्धा ही जागीच असायची, दोर बरोबर बांधलाय का बघत."

आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, आगाशीहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. वाडीत आत्याचे कायदे चालत. केळीच्या पिकल्या लोंगराखाली बसायचं नाही. मासळी खाताना बोलायचं नाही. एसटीत दाराजवळ उभं राहायचं नाही. "वाईट काय होईल ते आधी बोलून घ्यावं," ती म्हणायची, "चांगलं काय, ते न बोलता होतं." तिच्या बहुतेक काळज्या फुकट जायच्या. मी एकदा तोंडावर बोलले, "आत्या, तुमची एवढी काळजी फुकट गेली की नाही?" तर म्हणाली, "गेली ना? मग बरंच झालं."

आमचे हे तिची फार थट्टा करत. "आत्या, तुझं ऐकलं असतं तर आम्ही पंपसुद्धा बसवला नसता. अजून विहिरीत उतरून पाणी काढलं असतं."

"विहिरीत उतरायचं?" आत्या दचकून म्हणायची. "थांब, पायऱ्यांवर शेवाळ आहे."

मग मामंजींना अर्धांगाचा झटका आला. सकाळी पानं खुडायला गेले आणि वाफ्यातच पडले. जीव वाचला, पण डावं अंग गेलं. बोलणं जड झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी ऊन पाण्याने आंघोळ घाला, अंग चोळा, हळूहळू फरक पडेल. ते आम्ही ऐकलं. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी सांगितली असेल तरी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात शिरली नव्हती. ती आम्हाला विटेने शिकवली.

आमच्याकडे दुखऱ्या अंगाला वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक देतात. त्या दिवशी वीट आत्यानेच दिली होती. मामंजींचा डावा हात विटेवर ठेवून ती दूध आणायला आत गेली. मामंजी खिडकीबाहेर बघत शांत पडून होते. फडकं सरकलं. हात विटेवर तसाच. मी केर काढत होते, मला वास आला. बघते तर तळव्याची कातडी सोललेली आणि मामंजी मला विचारतायत, "काय जळतंय गो?"

त्या अंगाला ऊन-गार काही कळत नव्हतं. नुसतं लुळं नव्हतं, ते अंग त्यांचं राहिलंच नव्हतं. आत्याने त्या दिवशी थांब म्हटलं नाही, रडलीही नाही. तिने वीट उचलली आणि मागच्या खाडीच्या अंगाला फेकून दिली. त्यानंतर मामंजींच्या जवळ जाणारी प्रत्येक वस्तू आधी तिच्या हातात जाऊ लागली. चहाचा कप, पेजेची वाटी, उन्हात वाळलेलं पांघरूणसुद्धा.

न्हाणी मामंजींच्या खोलीला लागून होती, पण दोन पायऱ्या खाली. बंब होता मागच्या पडवीत, विटांच्या उंच ओट्यावर. बंबातलं उकळतं पाणी बादलीत काढायचं, पडवीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मामंजींची खोली, मग त्या पायऱ्या. हे काम माझं. आत्याच्या गुडघ्यांना ते जमत नव्हतं आणि हे सकाळीच वाडीत जात. मला तेव्हा पहिलेपणाचे दिवस गेले होते. पोट दिसायला लागलं होतं, पायाखालचं दिसायचं बंद झालं होतं. एका सकाळी खालच्या पायरीवर पाय सरकला. मी बादली पुढे ढकलून दिली आणि भिंतीला धरलं. पाणी मोरीकडे वाहून गेलं. कोणाला काही झालं नाही. पण मी तिथेच पायरीवर बसले आणि ह्यांना म्हटलं, "उद्यापासून मी पाणी वाहणार नाही. काय करायचं ते करा."

म्हणून पाइप टाकायचं ठरलं. बंबाच्या तोटीपासून भिंतीतून थेट न्हाणीत, शेवटी एक नळ. आत्यालाही ते पटलं. तिला आता दोन माणसांची काळजी होती, भावाची आणि माझ्या पोटातल्याची, आणि रोज सकाळी मी बादली उचलली की ती दारात उभी राहून पदराचं टोक चावायची.

प्रश्न आला तो पाइप कसला घ्यायचा, याचा.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. खाडी जवळ, उन्हाळ्यात तर चहा खारट लागायचा. टाकीपासून घरात आलेला जस्त चढवलेला लोखंडी पाइप त्या पाण्याने खाऊन टाकला होता. नळ सोडला की आधी तांबडं पाणी यायचं, ह्यांच्या धोतरांना कायमचा पिवळेपणा आला होता, आणि शेवटी भिंतीतच पाइप फुटून ओल धरली. हे म्हणाले, "या घरात आता लोखंड नको." ते माणिकपूरला जाऊन दुकानात बघून आले. करड्या रंगाचा प्लास्टिकचा पाइप, गंज नाही, वजन नाही, आटे पाडायला नकोत. दुकानदाराला विचारलं, गरम पाण्याला चालेल का? तो म्हणाला, चालेल.

"कसा म्हणाला?" आत्याने विचारलं.

"कसा म्हणजे? चालेल म्हणाला."

"तुझ्याकडे बघून म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक बघत म्हणाला?"

हे चिडले. "आत्या, वाडीत तसलाच पाइप दोन उन्हाळे पडलाय ना? दुपारी पंप लावल्यावर त्यातून पहिलं पाणी येतं, त्याने हात पोळतो. पाइपाला झालं का काही? आणखी काय परीक्षा घ्यायची?"

हे मला अगदी पटलं. आळीतल्या सगळ्यांनाही पटलं. वाडीवाल्या माणसाला उन्हाएवढी कडक वस्तू दुसरी माहीतच नसते. जे उन्हात टिकलं ते कुठेही टिकेल, असं आम्ही धरून चालतो. आत्या एवढंच म्हणाली, "थांब. उन्हात भात शिजतो का?" पण तिच्या थांबला कोण थांबणार? तिने तर पंपालाही थांब म्हटलं होतं, विजेलाही, माझ्या लग्नाच्या मापालाही. आणि मला पाइप हवा होता. प्लास्टिकचा, लोखंडाचा, बांबूचा, कसलाही. आज हवा होता.

आता गरम पाण्यासाठी वेगळा प्लास्टिकचा पाइप मिळतो आणि तो चांगला चालतो म्हणे. तेव्हा आमच्याकडे त्याचं कोणी नावही ऐकलं नव्हतं. तेव्हा पाइप म्हणजे पाइप.

पाइप टाकायला पास्कू आला. माणिकपूरकडचा प्लंबर, हसरा माणूस, आत्याला आत्ये म्हणायचा. एक वळण घ्यायचं होतं आणि जोडाचा तुकडा आणायला तो विसरला होता. त्याने आमचा रॉकेलचा स्टोव्ह मागितला. पाइपाचं टोक ज्वाळेवर धरून गोल गोल फिरवलं. थोड्या वेळात ते केळीच्या सोपटासारखं मऊ झालं. पास्कूने ते दुसऱ्या पाइपावर मोज्यासारखं चढवलं, फडक्याने दाबून धरलं, वर ओलं फडकं फिरवलं. झाला जोड.

आत्या समोर पाटावर बसून बघत होती. तिचा हात वर गेला.

"थांब रे पास्कू. हे काय केलंस?"

"जोड केला, आत्ये."

"कशाने?"

"गरम करून. गरम केला की हा ऐकतो, गार झाला की धरून ठेवतो."

"आणि यातून आम्ही काय सोडणार? बर्फ?"

पास्कू हसला. "अगो, मी पेटत्या स्टोव्हवर धरला. पानी म्हणजे काय आग हाय?"

"उकळतं पाणी म्हणजे पातळ आगच रे बाबा."

"आत्ये, तू आमच्या पाद्रीबाबांपेक्षा जास्त नरक दाखवतेस," पास्कू म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. आत्या हसली नाही. ती त्या जोडाकडे बघत राहिली. तो जोड न्हाणीत बरोबर त्या जागी आला होता जिथे मामंजींचं लाकडी स्टूल ठेवायचं. त्यांच्या डाव्या खांद्याच्या वर.

काम झालं. हे म्हणाले, चला, बाबांना आणू. आत्या न्हाणीच्या दारात आडवी उभी राहिली.

"आधी मी. हा पाइप रुळेल तोवर सकाळी पहिली आंघोळ माझी. मला भरवसा वाटला की दामू." दामू म्हणजे मामंजी.

"म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"मला वाटेल तितके."

"आणि तोवर मामंजींचं पाणी?"

आत्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तू वाहा अजून थोडे दिवस. नळाची बादली भरून ठेवली तरी पाइपात उकळतं पाणी उरतंच, तेही दामूच्या डोक्यावर नको. मी पायऱ्यांवर गोणपाट टाकते."

मला इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. नवा पाइप भिंतीवर आणि मी पोट घेऊन बादल्या वाहतेय. रोज सकाळी तेच. आत्या न्हाणीत जाऊन खाली फरशीवर नळाजवळ बसायची, स्टूल रिकामं त्याच्या जागेवर ठेवायची. "ती दामूची जागा." मी पडवीत बंबाची कळ सोडायची. पाणी छान यायचं, आंघोळ व्हायची, आणि ती बाहेर येऊन म्हणायची, "आज नाही झालं काही." जसं काही उद्या होणारच आहे.

मग पाइप वाकायला लागला. भिंतीला धरणाऱ्या दोन खिट्ट्यांच्या मध्ये आधी थोडा, मग चांगलाच, पडवळासारखा. सकाळी पाणी गेलं की खाली यायचा, गार झाला की तसाच वाकडा राहायचा. आत्याने ह्यांना नेऊन दाखवलं. हे म्हणाले, "खिट्ट्या कमी पडल्या," आणि आणखी ठोकल्या. आत्या रोज हात वर करून पाइप चाचपायची आणि मागे घ्यायची. मी बादली घेऊन पायरी उतरताना ती माझ्या पायांकडे बघायची, मग पाइपाकडे, मग परत माझ्या पायांकडे. तिची झोप गेली होती. खरं तर माझीही गेली होती, पण मला ती पायरीमुळे गेली असं वाटत होतं.

त्या सकाळी बंबात करवंट्या जास्त पडल्या असतील. पाणी खळखळा उकळत होतं. पास्कू टाकीच्या दुरुस्तीला आला होता, हे त्याच्याबरोबर अंगणात. मी कळ सोडली. जरा वेळाने आतून मोठा धप आवाज आला आणि पाणी पडल्याचा. किंकाळी नाही. मी आधी कळ बंद केली, मग धावले.

जोड निखळून पाइप खाली लोंबत होता. सगळं उकळतं पाणी स्टुलावर पडलं होतं आणि स्टुलावरून वाफ निघत होती. आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी. स्टुलावरून उडालेलं पाणी तिच्या पायावर आलं होतं, पाऊल वरून लाल झालेलं. बाजूच्या खोलीतून मामंजी ओरडत होते. त्यांना उठता येत नव्हतं, शब्दही नीट येत नव्हता. "आक्का! आक्का! काय झालं?"

आत्याने ओठ आवळून श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "काही नाही रे दामू. पाय भिजला."

हे आणि पास्कू आले ते दारातच थबकले. कोणी आत्याच्या पायाकडे बघत नव्हतं. सगळे त्या स्टुलाकडे बघत होते. माणूस बसलेला असता तर ते पाणी मानेवर, खांद्यावर, डाव्या अंगावर पडलं असतं. आणि त्याला कळलं नसतं. तो बसून राहिला असता आणि विचारलं असतं, काय जळतंय गो?

मी थंड पाणी ओतलं, वाडीतून केळीचं कोवळं पान आणून पायावर घातलं. हे खाली बसले, डोकं धरून. पास्कू हळूच म्हणाला, "आत्ये, उद्या लोखंडाचा टाकतो."

"उद्या का? आज काय अमावास्या आहे?"

"बरं, आज टाकतो."

हे म्हणाले, "लोखंड गंजेल, आत्या. आपलं पाणी..."

"गंजू दे. लोखंड जाताना सांगून जातं. पाणी तांबडं येतं, थेंब थेंब गळतं, भिंत ओली होते. मग नवा टाक."

"हाही वाकला होता की."

"मग यानेही सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "तू खिट्ट्या ठोकल्यास."

हे उठले आणि पास्कूबरोबर पाइप आणायला निघाले. त्या दिवशी दुपारपर्यंत पास्कूने लोखंडी पाइप टाकला. तोही आता मामंजींच्या डोक्यावरून नव्हे. आत्याने समोरच्या भिंतीवरून न्यायला लावला आणि अंग लागून पोळू नये म्हणून पूर्ण लांबीवर सुतळी गुंडाळून घेतली. टाकीपासूनच्या थंड पाण्याला मात्र प्लास्टिकचाच घातला. त्याला तिने कधीच नाव ठेवलं नाही. "ज्याचं काम त्याने करावं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मामंजी नळाखालच्या ऊन पाण्याने न्हाले आणि मी बादली न उचलता उभी राहिले. आत्या पायाला पान बांधून लंगडत आली आणि तरीही आधी हात घालून बघितलाच.

मला मुलगी झाली. आत्या बाळंतघराच्या दारात बसून तिथेही थांब थांब करत होती, सुईणीने तिला हाकलून दिलं. तो लोखंडी पाइप पुढे दोनदा बदलावा लागला. तांबडं पाणी आलं की आत्या वाटीत धरून ह्यांना दाखवायची, आणि हे मुकाट्याने माणिकपूरची एसटी पकडायचे. कपडे पिवळे झाले ते झालेच. त्याबद्दल घरात कोणी बोललं नाही.

मामंजी आणखी काही वर्षं जगले. चालले नाहीत, पण काठी धरून उभे राहायला लागले, नातीला मांडीवर घ्यायला लागले. एका हिवाळ्यात झोपेतच गेले. त्यांना शेवटची आंघोळ घालायला आळीतले पुरुष आले. बाहेर आल्यावर त्यांतले एक म्हातारे आत्यासमोर हात जोडून म्हणाले, "आक्का, इतकी वर्षं अंथरुणावर होता. त्या हातावरचा जुना डाग सोडला तर अंगावर एक ओरखडा नाही."

आत्याने मान हलवली. "झालं मग," म्हणाली.

तेरावं झालं आणि घर रिकामं वाटायला लागलं. आत्या पडवीत बसून असायची. पोर विहिरीकडे गेली तरी नुसती बघायची. मीच धावायचे. पहिले काही दिवस मला वाटलं, थकली आहे, येईल पूर्वपदावर. त्याच सुमारास हे पुढच्या खोलीला नवी खिडकी काढत होते. मुद्दाम आत्यापाशी गेले. मला आत स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, खिडकीला गज आडवे लावू की उभे? पोर चढेल का गं आडव्यांवर?"

"थांब" आलं नाही.

"लाव रे कसेही," आत्या म्हणाली. "चांगलेच दिसतील."

हे आत आले आणि माझ्याजवळ जमिनीवर बसले. मी नारळ खवत होते. म्हणाले, "आत्या आता फार दिवस राहत नाही गं."

"नाही," मी म्हटलं.

खिडकीचे गज त्यांनी उभे लावले. ते पुरे व्हायच्या आधी आत्या गेली.